खडूची व्हॅन

फरशी मिस्त्रींनी आयुष्यात एकही वस्तू अंदाजाने घेतली नव्हती, आणि हे ते भेटेल त्याला सांगत. चपला घ्यायला गेले तरी खिशात टेप असायचा. लग्न ठरण्याआधी ते बायकोच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा बसायची खोली त्यांनी चालता चालता पावलांनी मोजली आणि निघताना एवढंच म्हणाले, की फरशीचा उतार दाराकडे हवा होता, तो कपाटाकडे गेलाय. मुलीला ते आवडलं. का आवडलं, हे ती पंचवीस वर्षं आठवून पाहते आहे.

तर अशा या मिस्त्रींना गाडी घ्यायची होती. आजवर त्यांची अवजारं भाड्याच्या टेम्पोतून जायची आणि टेम्पो यायचा आपल्या मर्जीने. त्यापायी दोन चांगली कामं हातची गेली होती. आता शाळेचं पटांगण फरसबंद करायचं काम आलं होतं, त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं. मुख्याध्यापिकाबाईंची अट एकच. सुट्टी नऊ दिवसांची आहे. सोमवारी बरोबर आठला सगळ्या यंत्रांसकट फाटकाशी हजर असाल तर काम तुमचं. नाहीतर आठ वाजून पाच मिनिटांनी मी दुसऱ्या मिस्त्रींना फोन लावते. बाई गणित शिकवायच्या, त्यामुळे पाच म्हणजे पाचच.

बायकोचं मत ट्रेलर घ्यावा असं होतं. घरात जुनी मोटार होतीच. तिच्या मागे उघडा ट्रेलर लावायचा, वाट्टेल ते वर चढवायचं, काम संपलं की सोडवून भिंतीला उभा करायचा. मिस्त्रींनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे मोडीत काढलं. ट्रेलरला छप्पर नाही. सिमेंट भिजणार. ट्रेलरला कुलूप नाही. कटर चोरीला जाणार. शिवाय ट्रेलर मागे घेताना उजवीकडे वळवायचा तर चाक डावीकडे फिरवावं लागतं, आणि असला उलटा कारभार आपल्या घराण्यात कुणी केलेला नाही.

"मग व्हॅन घ्या," बायको म्हणाली. "पण नीट बघून घ्या."

"बघून नाही," मिस्त्री म्हणाले, "मोजून."

एक जुनी व्हॅन विकायला होती. मिस्त्री तिथे गेले आणि सामान ठेवायच्या जागेची लांबी त्यांनी तीनदा घेतली. रुंदी एकदा सीटच्या मागे घेतली, एकदा मागच्या दाराशी. मधली घेतली नाही, कारण जी जागा दोन्ही टोकांना सारखी असते ती मधेही तशीच असते, हे फरशीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. विकणाऱ्याने दाराची उंचीही घेणार का म्हणून विचारलं. मिस्त्री त्याच्याकडे बघून दयेने हसले. तीस वर्षं त्यांनी फक्त जमीन पाहिली होती. लांबी आणि रुंदी, झालं क्षेत्रफळ. उंची ही भिंतवाल्यांची भानगड.

घरी येऊन त्यांनी मागच्या अंगणात खडूने व्हॅन आखली, अगदी पुऱ्या मापाची. दार मागच्या बाजूला. मग त्यात एकेक वस्तू मांडली. फरशी कापायचं कटर, जमीन ठोकून बसवायचं मशीन, घमेली, फावडी, पट्ट्या, आणि सीटच्या मागे काँक्रीट कालवायचा मिक्सर, आपलं मोठं पोट घेऊन दोन चाकांवर उभा. सगळं इतकं चपखल बसलं की मधे मांजर शिरलं असतं तर त्याला शेपूट बाहेर ठेवावी लागली असती!

पुढचा आठवडाभर त्या घरात माणसांपेक्षा व्हॅनला जास्त मान होता. बायको वाळलेले कपडे काढायला गेली आणि सरळ खडूच्या रेघेवरून आत पाऊल टाकलं, तर मिस्त्रींनी तिला अडवलं.

"अगं, भिंतीतून काय येतेस? मागून ये. दारातून."

"अहो, ही रेघ आहे."

"आज रेघ आहे. रविवारी पत्रा असेल. सवय कर."

तिने वळसा घेतला, दारातून आत गेली, आणि बाहेर येताना हाताने दार लोटून कडी घातल्यासारखं केलं. मिस्त्रींना वाटलं, बाई शिकते आहे.

सासूबाई त्या दिवसांत राहायला आल्या होत्या. सकाळची सावली नेमकी व्हॅनमध्ये यायची, म्हणून त्यांनी आपली खुर्ची तिथे टाकली. मिस्त्रींनी त्यांना अदबीने सांगितलं की ही ठोकणी मशीनची जागा आहे. सासूबाईंनी मान वर करून आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, गाडी हवेशीर आहे हो तुमची." मिस्त्रींनी ते कौतुक समजून घेतलं. वास्तविक त्या घरात त्या आठवड्यात वर पाहिलेलं ते एकमेव माणूस.

सामान भरायची तालीम रोज व्हायची. पहिल्या दिवशी चोवीस मिनिटं लागली, शनिवारी अकरा. रविवारी संध्याकाळी खरी व्हॅन आली. बायको म्हणाली, आत्ताच एकदा भरून बघू या. मिस्त्री म्हणाले, सहा दिवस काय केलं मग? अकरा मिनिटं. सात वाजता सुरुवात केली तरी सात वाजून अकरा मिनिटांनी गाडी भरलेली.

सोमवारी सातला सुरुवात झाली. पहिला अर्थातच मिक्सर, कारण तो सीटच्या मागे. दोघांनी फळीवरून तो वर ढकलला आणि ठण्ण असा आवाज झाला. मिक्सरचं पोट दाराच्या वरच्या चौकटीला टेकलं होतं. दार छातीएवढं, मिक्सर गळ्याएवढा.

मिस्त्रींनी एक पाऊल मागे जाऊन दाराकडे पाहिलं, मग मिक्सरकडे, मग पुन्हा दाराकडे. आयुष्यात प्रथमच त्यांची नजर खालून वर गेली.

मग तो आडवा करून पाहिला. आडवा आत शिरला, अर्ध्यावर अडला. चाकांच्या वरचा पत्रा दोन्ही बाजूंनी आत फुगलेला होता, आणि टोकांना सारखी असलेली ती जागा मधे अजिबात सारखी नव्हती. बाहेर काढताना दाराची कडी त्याच्या चाकात अडकली. ती सोडवेपर्यंत सव्वासात झाले. टेम्पोवाल्याचा फोन बंद. बायको मिक्सरभोवती एक चक्कर मारून आली.

शेवटी तीच म्हणाली, "याला चाकं आहेत ना?"

उरलेलं सामान व्हॅनमध्ये गेलं. मिक्सर मागच्या हुकाला दोराने बांधला. बायको चालवायला बसली आणि मिस्त्री मिक्सरचा दांडा धरून मागे चालू लागले, कारण उतारावर तो आपणहून व्हॅनला धडक द्यायला निघायचा. ट्रेलर नको म्हणणारा माणूस आता स्वतःच ट्रेलर झाला होता!

शाळा दोन किलोमीटरवर होती आणि रस्ता अरुंद. व्हॅनचा वेग मिस्त्रींच्या पायांइतका, आणि मिस्त्रींचे पाय पंचावन्न वर्षांचे. पहिल्या वळणापाशी मागे तीन गाड्या होत्या, पुलावर पंधरा. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. एका सायकलवाल्याने शेजारून जाताना मिक्सर आजारी आहे का म्हणून आपुलकीने चौकशी केली. मिस्त्रींनी मान वळवली नाही. त्यांचं लक्ष मनगटावर होतं. पावणेआठ. आठला दहा कमी. चौकात आठ वाजले तेव्हा शाळेचं छप्पर दिसत होतं, आणि मिस्त्रींना ते पटांगण दुसऱ्याच कुणाच्या फरशीने चमकताना दिसू लागलं. ते पळायला लागले. मिक्सरही पळायला लागला.

आठ वाजून सात मिनिटांनी ते फाटकाशी पोचले. फाटकाला कुलूप होतं. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. मिस्त्री मिक्सरला टेकून खाली बसले. बाई वाट पाहून, फोन करून निघून गेल्या असणार. पाच म्हणजे पाच. बायको उतरून शेजारी आली आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्या सहानुभूतीने तर त्यांना काम गेल्याची खात्रीच पटली.

मागे अडकलेल्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. सतरावी गाडी मात्र फाटकाशी थांबली. मुख्याध्यापिकाबाई घाईघाईने उतरल्या. हातात किल्ल्या होत्या आणि चेहरा अपराधी.

"माफ करा मिस्त्री," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत मला पहिल्यांदा उशीर झाला. पुढे रस्त्यात कुणीतरी काहीतरी पायी ओढत नेत होतं. काय ते शेवटपर्यंत दिसलं नाही."

मिस्त्री उठले आणि मिक्सरच्या पुढे जमेल तेवढे रुंद होऊन उभे राहिले. असल्या लोकांना वेळेची किंमतच नसते, असं ते गंभीरपणे म्हणाले. बायकोला खोकला आला.

बाईंनी कुलूप काढलं. फाटक उघडलं. मग त्यांचं लक्ष व्हॅनच्या हुकाकडे गेलं, तिथून दोरावरून सरकत मिस्त्रींच्या मागे, आणि तिथून त्यांच्या घामाने निथळणाऱ्या सदऱ्यावर. गणिताच्या बाईंना उत्तर काढायला तेवढं पुरलं.

"काम तुमचंच," त्या म्हणाल्या. "फक्त नवव्या दिवशी तुम्ही परत किती वाजता निघणार, ते मला आधी सांगा. मी त्याच्या अगोदर घरी जाईन."