काचीगुड्यावरचं उभं विमान

माझ्या नजरेला तोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो! लहानपणी जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभा राहून मी चार शेतांपलीकडचा पोपट हेरायचो. म्हणून अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात, हिंदुस्थानची फौज आज येते की उद्या, अशी धाकधूक निजामाच्या हैदराबादेत होती तेव्हा काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीनं विमानांवर पाळत ठेवायचं काम मलाच दिलं. अक्षर एक येत नव्हतं. पण आभाळ बघायला शाळा कशाला?

घरमालक एकनाथरावांनी अंगणात खंदक खणला होता. माझी बायको जयवंता दिवस भरलेली. तिला काही होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात.

पहिल्याच पहाटे ढग फाटले आणि पूर्वेला, स्टेशनच्या छपरावर, हा एवढा दिवा! मी थाळी बडवली.

"विमान आलं! खंदकात चला!"

एकनाथराव एका पायात चप्पल घालून धावले. त्यांच्या पद्मावतीबाई लोणच्याची बरणी कवटाळून. सुईण गंगूबाई तर सगळ्यांच्या आधी! खंदकात गुडघाभर पावसाचं पाणी. धबाधब उड्या!

"अगं बाई, बेडूक!" पद्मावतीबाई किंचाळल्या.

"गप्प बस! इथं बॉम्ब पडतोय आणि तुला बेडकाचं!"

जयवंता तेवढी उंबऱ्यावर बसून राहिली.

"अगं, ऊठ की!"

"मला नाही पळवत. आणि ते तरी कुठं पळतंय? मघापासून तिथंच उभं आहे."

"नेम धरत असेल!"

ती हसायला लागली. "अहो, ती शुक्राची चांदणी! गावाकडं हिलाच बघून मोट धरायला उठायचात ना? शहरात आल्यावर विसरलात?"

मी पाहिलं. तीच! लग्नाच्याही आधीपासूनची ओळखीची. भ्यालेल्या माणसाला घरचं माणूससुद्धा ओळखू येत नाही.

खंदकातून एकनाथराव ओरडले, "विमानं किती आहेत हो?"

"एकच. पण... आपलंच आहे!"

खंदकात दबक्या आवाजात जयजयकार झाला.

तेवढ्यात जयवंतानं माझं मनगट आवळलं. तिचं हसू गेलं होतं. "गंगूबाईंना बोलवा. लवकर!"

आणि गंगूबाई चिखलात रुतलेल्या! चार धोतरांना पीळ घालून आम्ही त्यांना ओढलं. वर येताच त्या माझ्यावर कडाडल्या, "नक्को तुझा पहारा! चूल पेटव, पाणी ठेव!"

मी चूल पेटवली. सात काड्या गेल्या. आतून जयवंताचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मी चांदणीकडं बघून हात जोडत होतो. ती उजेडात विरली तेव्हा आतून रडू आलं. मुलगी! दोघी सुखरूप.

त्या इंदुमतीनंच माझ्या साठाव्या वर्षी मला अक्षरं शिकवली. आता जयवंता नाही. वाढदिवसाच्या पहाटे लेक अजून हाक मारते, "बाबा, विमान आलंय!"

आणि मी, नजरेचा पक्का, दार उघडायच्या आधी चष्मा शोधत बसतो.