अठ्ठेचाळीस तासांचा घाणा

व्यंकटेश हुमनाबादच्या तहसील कचेरीत तीन वर्षे टेंपरवारी कारकून होता. त्याने मनात धरलेल्या वृंदेच्या वडिलांनी, म्हणजे नरहररावांनी, साफ सांगितले होते की कायम झाल्याशिवाय सोयरिकीचे नाव काढायचे नाही. म्हणून हैदराबादहून नवा फॉर्म आला तेव्हा त्याला ते लग्नातले विघ्नच वाटले. माल तयार करणाऱ्या कारखान्यांत माणूस आठवड्याला सरासरी किती तास राबतो, ते कळवायचे होते. तास घटले तर मंदी, वाढले तर तेजी. आता मंदी कळवणाऱ्या कारकुनाला कायम कोण करणार?

त्याच्या वाट्याला दुबलगुंडीच्या सिद्धलिंगप्पांचा करडईच्या तेलाचा कारखाना आला. चार घाणे, चार माणसे, चार बैल.

"शुक्रवारी बंद," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "निजामाच्या टायमापासून सुट्टी हाय. आईतवारची नव्या सरकारची. गुरुवारी बाजार."

सरकार बदलले तरी जुनी सुट्टी मोडा असे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

"आणि सोमवारी, अप्पा?"

"सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत. बसवण्णाचा वार हाय."

उरले तीन दिवस, दिवसाला आठ तास. चोवीस! दारात गिऱ्हाईक डबे घेऊन ताटकळत होते, पण कागदावर ही चक्क महामंदी होती. खोटा आकडा लिहायची व्यंकटेशची छाती नव्हती. तेवढ्यात त्याला बैल दिसले. घाणा ओढतात बैल, मग त्यांचे तास वाऱ्यावर का सोडायचे? त्याने ते मिळवले. भागताना मात्र माणसेच धरली, कारण बैलांची नावे हजेरीपटावर नव्हती. सरासरी आली बरोबर अठ्ठेचाळीस, म्हणजे कायद्याचा पुरा आठवडा. इतके देखणे गणित त्याने जन्मात केले नव्हते.

हैदराबादलाही ते देखणे वाटले. हा आदर्श कारखाना बघायला भगवानराव साहेब स्वतः येत असल्याची तार आली. वार सोमवार.

व्यंकटेशने सकाळीच सिद्धलिंगप्पांचे पाय धरले. अर्धा तास तरी बैल जुंपा, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे, म्हणून विनवले.

"लगीन तुमचं हाय, बैलाचं न्हाई," अप्पा म्हणाले. "आन माणसं बी गावाला गेलीत."

वेशीत जीप वाजली. व्यंकटेशने कोट काढला, धोतर खोचले आणि जू स्वतःच्या खांद्यावर घेतले. साहेब आत आले तेव्हा त्याची अकरावी फेरी चालली होती. चारही बैल कडबा चघळत त्याच्याकडे बघत होते.

साहेबांनी हा मजूर कोण म्हणून विचारले.

"मजूर न्हाई साहेब, तुमचेच कारकून हायत," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "बैलाचे तास भरून काढायलेत."

मग सगळे बिंग बाहेर आले. साहेबांनी वहीत लिहिले: माणसे शून्य, बैल शून्य, कारकून अकरा फेऱ्या. व्यंकटेशला वृंदा दुसऱ्याच कुणाच्या मांडवात दिसू लागली.

महिन्याने हुकूम आला. व्यंकटेशला कायम केले होते. पण आकड्यांपासून लांब, गुरांच्या दवाखान्यात. बहुधा जनावरांविषयीची त्याची आपुलकी साहेबांना भावली असावी. नरहररावांनी 'कायम' हा शब्द दोनदा वाचला, पुढचे वाचलेच नाही आणि मुहूर्त काढला. व्यंकटेश नाचतच दुबलगुंडीला आमंत्रण द्यायला गेला.

"वार कोणता धरलाय?" सिद्धलिंगप्पांनी विचारले.

"सोमवार, अप्पा."

अप्पांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि काळजीने त्याच्याकडे पाहिले.

"सोमवार कामून धरलाव? त्या दिवशी आमी बैलाला बी जुवातून सोडतो."