खात्रीचा व्हिडिओ

माणसानं एक वेळ विहिरीत पडावं, पण लेकीच्या अभ्यासात पडू नये. मी पडलो. तेही तिला न विचारता.

आमची ऋतुजा चौसाळ्याहून बीडला नर्सिंगला जाते. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी 'तापावर तळपायाला कांदा बांधा' असं टाकलं, तेव्हा मॅडमनी चिडून ग्रुप ऋतुजाच्या ताब्यात दिला. तिनं नियमच केला. सांगणारा कोण, संस्था कोणती, माहिती कधीची अन् शेवटी काही विकतोय का, हे बघितल्याबिगर काही टाकायचं न्हाई. पोरीचा मान लई वाढला. (मी ग्रामपंचायतीत क्लार्क. मला शिपाईसुद्धा एवढा मान देत न्हाई.)

तिचा फोन दुरुस्तीला गेलता, म्हणून तिचं सिम अन् तो ग्रुप माझ्या फोनात. रविवारी ती न्हायला गेली अन् एका पोरीचा मेसेज आला, "ऋतुजा, पचनावर मराठीत काही हाय का गं? उद्या परीक्षा हाय."

म्हटलं, लेकीचा भार हलका करावा. शोधलं अन् एक व्हिडिओ घावला की! 'पोट आणि पचन'. बोलणारे प्राध्यापक, विद्यापीठ सरकारी, माहिती यंदाची, अन् चूर्णबिर्ण काही विकत नव्हते. दिला टाकून. खाली लिहिलं, "डोळे झाकून पाठ करा."

घडीभरात मॅडमचा मेसेज आला. "ऋतुजा, माणसाला चार पोटं कधीपासून?"

ऋतुजा केस पुसत आली. व्हिडिओ बघून मटकन खाली बसली.

"पप्पा, हे शेळ्यामेंढ्यांचं हाय!"

"अगं, पण प्राध्यापक..."

"जनावरांचे हायेत ते!"

(खात्री करायच्या नादात व्हिडिओ बघायचाच राहिलता. अन् आमच्या सात पिढ्या मेंढरामागं गेलेल्या!)

तिचे डोळे भरले. "आता मॅडम ग्रुप काढून घेतील. माझ्यावर कोण इश्वास ठेवील?"

मी लगेच फोन तोंडाशी धरला अन् ग्रुपवरच बोललो, "मॅडम, मी ऋतुजाचा बाप. पोरगी न्हायला गेलती. गाढवपणा सगळा माझा हाय."

ग्रुपवर सगळा वर्ग हसत सुटला. मग मॅडमचं उत्तर आलं, "ग्रुप तुझ्याकडेच राहू दे. फक्त आणखी एक प्रश्न वाढव. माहिती कुणासाठी आहे?" ऋतुजानं डोळे पुसले अन् माणसांचा व्हिडिओ शोधून टाकला. माझा जीव भांड्यात पडला.

त्या आनंदात दुपारी जरा जास्तच भाकरी हाणल्या. संध्याकाळी पोट धरून ओसरीवर बसलो. आमची बायको साखराबाई अंगणात शेळीला पाला टाकत होती.

"अगं, पोट लई दुखतंय."

हिनं वळूनसुद्धा बघितलं न्हाई.

"चारातलं कोणतं?"