खैरनार सरांना आठवा माणूस नको

आमच्या कॉलनीतले खैरनार सर रोज सकाळी फाटकाबाहेर येतात, सावधान उभे राहतात, गळ्यातली शिट्टी वाजवतात आणि स्वतःलाच खणखणीत हुकूम देतात, ‘मनाला येईल तिकडे, चल!’ मग निघतात. कधी डावीकडे गंगापूर रोडला, कधी उजवीकडे मळ्यांच्या बाजूला. एकदा मनाला कुठेच जावंसं वाटेना, तर दूधवाला येऊन गेला तरी तिथेच उभे होते.

सर बत्तीस वर्षं शाळेत पीटीचे मास्तर. पंधरा ऑगस्टला तीनशे पोरांचे हात एकदम वर जायचे. एखादा मागे राहिला तर सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून त्याच्या बापाचं नाव घ्यायचे. रिटायर झाल्यावर योगवर्ग समजून ते भलत्याच हॉलमध्ये शिरले. तिथे बंगळूरहून आलेली एक पोरगी आधुनिक नृत्य शिकवत होती. ती म्हणाली, पुढे काय करायचं ते ठरवू नका, अंगाला विचारा. सर सांगतात, ‘दहा मिनिटं नुसता उभा होतो, निकम. अंगाला आजवर कधी विचारलंच नव्हतं, ते बिचारं काय सांगणार? मग डावा खांदा हलला. माझी परवानगी न घेता!’

त्या खांद्याने घात केला. दर रविवारी सकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये सरांचा ‘अनिश्चित नृत्य’ वर्ग सुरू झाला. वेळ मात्र अगदी निश्चित. एक मिनिट उशीर झाला की हॉलला एक चक्कर. माझी मान आखडली होती म्हणून मी गेलो, आणि अडकलो.

सर मूळचे सटाण्याकडचे. गाणं कोणतं, किती वेळ नाचायचं, काहीही विचारा, उत्तर एकच, ‘ठरेल नही शे!’ ठरलेलं नाही, असं अहिराणीत. गणपतीतल्या कार्यक्रमाच्या फॉर्मवर त्यांनी सगळ्या रकान्यांत हेच लिहिलं. सेक्रेटरींनी कंटाळून आमचं नाव लेझीमखाली टाकलं.

वर्गात काय करायचं ते चिठ्ठी ठरवायची. डब्यातून एक काढायची आणि अंग सोडून द्यायचं. ‘विंचूरला कांद्याच्या ढिगावरून पाय घसरला.’ ‘हरसूलच्या बाजारात हातातून कोंबडी सुटली.’ ही कोंबडी नेमकी देशपांडेकाकूंच्या वाट्याला आली. काकूंनी जन्मात अंडं फोडलेलं नाही, पण अशा काही धावल्या की मेडिकलवाले अहिरे भिंतीला चिकटले.

‘शाब्बास!’ सर ओरडले. ‘कुठं पळायचं हे कोंबडीलाच माहीत नसतं! तेच नाचायचं!’

शेवटी हुकूम यायचा, ‘जोड्या, लाव!’ तळहाताला तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि कोण कोणाला नेतंय ते न ठरवता हिंडायचं. आम्ही सात जण. तीन जोड्या लागल्या की एक उरायचा, आणि त्याचे जोडीदार सर. तेवढा वेळ मात्र ते ओरडायचे नाहीत.

हे सगळं ऐकून माझ्या बायकोलाही, सुनंदालाही, यावंसं वाटलं. सर म्हणाले, ‘वहिनी, हॉल लहान पडतो.’ याच हॉलमध्ये तिने दोनशे बायकांचं हळदीकुंकू पार पाडलं होतं. पुढच्या वेळी म्हणाले, ‘पंखे कमी आहेत.’ तेव्हा जानेवारी होता, आणि आम्ही स्वेटर घालून नाचत होतो. तीन महिने असं चाललं.

‘तुमच्या सरांना म्हणावं, मी काय त्यांचा खांदा उपटून नेणार आहे का?’ सुनंदा कडाडली. तिचा अपमान झाला होता, आणि तो घरी मला सोसावा लागत होता.

अशात एका रविवारी अहिरे आले नाहीत. आम्ही सहाच. सर बेचैन. ऐन जोड्या लावायच्या वेळी मला म्हणाले, ‘निकम, गच्चीवर टाकीत पाणी आहे का बघून या बरं.’ टाकी काठोकाठ भरलेली. खाली आलो तर दोन जोड्या हिंडत होत्या, आणि सर काकूंच्या हाताला हात लावून डोळे मिटून उभे होते.

वर्ग सुटल्यावर मी सरळ विचारलं, ‘सर, सगळंच अनिश्चित, मग माणसं तेवढी मोजून का?’

सर सतरंजीची घडी घालत होते. ‘शाळेत दिवसाला पन्नास पोरांचे खांदे सरळ करायचो, निकम. घरी ही होती. ही गेली. पोरगा कॅनडात. आता महिन्यातून एकदा कटिंगवाला मान वाकवतो, तेवढंच. बाकी कोणी हात लावत नाही हो मला.’ घडी नीट झाली होती, तरी त्यांनी ती मोडून पुन्हा घातली. ‘आठवा आला की जोड्या पुऱ्या होतात. मी बाहेर. पण चुकलंच माझं. वहिनींना पाठवा.’

 तीन महिने मनातल्या मनात त्यांना तऱ्हेवाईक म्हातारा म्हणत होतो, त्याची लाज वाटली.

घरी सुनंदाला सांगितलं. ती बराच वेळ मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, ‘मी येते. पण तुमचा गुडघा दुखतोय.’

‘अगं, माझी मान...’

‘गुडघा,’ ती म्हणाली.

त्या रविवारी जोड्यांच्या वेळी मी गुडघा धरून खुर्चीत बसलो, आणि सुनंदाने सरांच्या तळहाताला तळहात लावला. पुढच्या रविवारी अहिऱ्यांचा गुडघा दुखला. मग काकूंचा. सुनंदाने पाळ्याच लावून दिल्या आहेत. कोणत्या रविवारी कोणी लंगडायचं, त्याची महिनाभराची यादी आमच्या फ्रिजवर चिकटवलेली असते.

सर हळहळतात. निर्गुडीचं तेल घरी काढून आणतात. मागच्या रविवारी पुन्हा माझी पाळी होती. बाटली माझ्या हातात देऊन ते जरा घुटमळले.

‘निकम, सगळ्यांचा उजवाच कसा हो?’

मी गुडघा जोरात चोळायला लागलो.

‘बरं, पुढच्या रविवारी कोणाचा दुखणार आहे?’

‘काकूंचा,’ माझ्या तोंडून निघून गेलं.

 सरांनी बाटली माझ्याकडून परत घेतली आणि ते काकूंजवळ गेले.

‘तुमच्याकडे असू द्या, काकू,’ ते म्हणाले. ‘पुढच्या आठवड्यात लागेल.’