अण्णाची सहावी काच

माझा थोरला भाऊ अण्णा दगडालासुद्धा "हालू नका" म्हणायचा.

लातुरात त्याचं फोटोचं दुकान होतं. तीन पायांचा कॅमेरा, वर काळं फडकं. फडक्याखाली डोकं घातलं की समोर नवरदेव आहे की नरसिंह, त्याला फरक पडत नसे. आतून आवाज यायचा, "हालू नका. श्वास धरा." मग तो "राम, राम" म्हणत वेळ मोजायचा. नवरदेवाला दोन राम पुरत. लेण्यातल्या अंधारात साठ लागत.

लेणी म्हणजे खरोशाची. वर्षातून एकदा तो तिथं जायचा आणि मूर्तींचे फोटो घ्यायचा. "हैदराबादच्या अजायबघराला कुलूप असतंय," म्हणायचा. "माझ्याला न्हाई."

खेड्यातली माणसं फोटोला भ्यायची. आयुष्य घटतं म्हणायची. अण्णा खो खो हसायचा. "फोटोनं माणूस मरत असता तर सरकारनं बंदुका कशाला घेतल्या असत्या?" हे तो भर बाजारात बोलायचा. निजामाचे शेवटचे दिवस होते. असं बोलणारा संध्याकाळी घरी येईलच, अशी खात्री नव्हती.

माझा फोटो मात्र त्यानं कधी काढला नाही. नवऱ्यानं परत पाठवल्यापासून मी अण्णाकडेच होते. त्याच्या भाकरी थापत होते, ज्यांवर फोटो उतरायचा त्या त्याच्या काचा धूत होते. फोटो मागितला की एकच उत्तर. "तू हालतीस." जात्यावर बसल्याशिवाय मी कधी हालत नसे.

त्या वर्षी मी म्हटलं, "अण्णा, जाऊ नको. नाक्यानाक्यावर झडती चाललीय."

"मूर्ती थांबत्यात व्हय? मागल्या साली एकीचा हात गेला. अवंदा नाक जाईल."

जर्मनच्या लढाईपासून फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. दोन वर्षांत त्यानं सहा जमवल्या होत्या. त्या घेऊन भाड्याच्या बैलगाडीनं आम्ही निघालो.

लेण्यात मी आरसा धरून बाहेरचं ऊन आत पाडत होते. कैलास हालवणाऱ्या रावणापुढं अण्णा ओरडला, "हालू नका!" मी म्हटलं, "तो तेवढंच तर करतोय." अण्णा हसला नाही. राम चुकले असते. पाच काचा झाल्या आणि ऊन गेलं. सहावी कॅमेऱ्यातच राहिली.

दुसऱ्या दिवशी परतताना औशाच्या अलीकडं नाक्यावर निजामाच्या जमादारानं गाडी अडवली. काचांची पेटी माझ्या मांडीवर होती.

"इसमें क्या है?"

"फोटोच्या काचा, जमादारसाब. उजेड लागला की खराब होत्यात."

"उजाले से कौन सी चीज खराब होती? चोरी का मालच अंधेरे में रखते." त्यानं बंदुकीचा दस्ता पेटीवर ठेवला. "खोलो."

पेटी उघडली की पाचही काचा वाया. अण्णानं कॅमेऱ्यावरचं फडकं काढलं. तो म्हणाला, "कॅमेरा खरा हाय साब. तुमचाच फोटो काढून दावतो."

जमादार दोन पावलं मागं सरला. "मेरा नको," तो घाईनं म्हणाला. "मेरे बच्चे छोटे हैं." मग माझ्याकडं बोट केलं. "इस बाई का निकालो. निकाला तो पेटी नहीं खोलेंगे."

मी लगेच खाली उतरले. पदर नीट केला आणि झाडासारखी उभी राहिले. इतक्या वर्षांनी माझी पाळी आली होती, तीही बंदुकीपुढं.

अण्णा कॅमेऱ्याकडं गेलाच नाही.

"अण्णा, काढ की! मी हालत न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. गाडीतली पेटी उचलली, उघडली आणि एकेक काच उन्हात धरून दाखवली. रावण, नरसिंह, ती एका हाताची बाई. जमादाराला नुसत्या दुधाळ काचा दिसल्या. "जाव," तो म्हणाला. त्यालाच लाजल्यासारखं झालं असावं.

औसा मागं पडलं. मग मी तोंड सोडलं. "दोन वर्षांच्या काचा घालवल्यास. एक फोटो काढायला काय झालं होतं तुला?"

अण्णा बैलांच्या पाठीकडं बघत होता. "कॅमेरा आणला तवा पहिला फोटो तिचा काढला," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत गेली."

ती म्हणजे माझी वहिनी.

"अण्णा, वहिनी प्लेगनं गेली. आपली निम्मी आळी गेली. त्यांचे फोटो कुणी काढले होते?"

"कुणीच न्हाई."

"मग?"

"ठाऊक हाय मला. तरी बी तुझा न्हाई."

तो वारल्यावर त्याची ट्रंक मी आवरली. सहावी काच काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली होती. कोरीच.

माझा तरुणपणीचा एकही फोटो नाही. कशी दिसत होते ते सांगणारंही आता कुणी उरलं नाही. मी नव्वदीत आहे, दात सोडले तर सगळं शाबूत आहे. अण्णा असता तर म्हणाला असता, "बघ."