साडूंना दाखवायची टाकी

"टाकी अशी दिसली पाहिजे की बघणारा माणूस गप्पच झाला पाहिजे," साहेबांनी मुकादमाला बजावलं आणि ते मीटिंगला जायला गाडीत बसले. जाता जाता काच खाली करून म्हणाले, "आणि तो तपकिरी फेसबिस काही दिसता कामा नये. काय?"

"काळजीच सोडा साहेब," मुकादम म्हणाला.

साहेबांनी काळजी सोडली. तिथेच चुकलं.

साहेब म्हणजे गावाच्या सांडपाणी केंद्राचे मुख्य इंजिनिअर. गावातल्या यच्चयावत मोऱ्या, न्हाण्या आणि संडास यांचं पाणी शेवटी त्यांच्या दारात येई, आणि साहेब ते साफ करून नदीत सोडत. निदान तसा प्रयत्न करत, कारण केंद्र पार म्हातारं झालं होतं. टाक्यांना भेगा पडल्या होत्या, पंपांना दमा लागला होता आणि एक झडप तर चपलेने दोन ठोके दिल्याशिवाय उघडतच नसे. वरच्या लोकांच्या मागे लागून लागून साहेबांचे केस पिकले, तेव्हा कुठे नूतनीकरण मंजूर झालं. नवी टाकी बांधून झाली, हवा सोडणारे नवे ब्लोअर बसले, आणि जुन्या टाकीतला सगळा गाळ नव्या टाकीत आणून सोडला गेला. हा गाळ म्हणजे केंद्राचा जीव. त्यात कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. पाण्यातली घाण खाऊन ते पाणी नितळ करतात. त्यांना पगार लागत नाही, रजा लागत नाही, फक्त हवा लागते. दिसायला मात्र तो गाळ गाळासारखाच दिसतो, त्याला कोणाचाच इलाज नाही.

पंधरवड्याने तपासणी पथक येऊन पाण्याचा नमुना नेणार होतं. नमुना पास झाला तर केंद्र साहेबांकडे राहणार होतं. नापास झाला तर ते एका कंपनीच्या घशात जाणार होतं, आणि साहेबांची रवानगी जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर होणार होती. तसं त्यांना तोंडावर सांगण्यात आलं होतं.

पण खरं सांगायचं तर साहेबांना पथकापेक्षा रविवारची धास्ती जास्त होती. रविवारी त्यांचे मोठे साडू केंद्र बघायला येणार होते. साहेबांच्या मेहुणीचे हे यजमान. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. दुर्दैव असं की भाऊसाहेबही सांडपाण्याचेच इंजिनिअर होते, शेजारच्या गावचे. घरची चार माणसं जमली की ते आपल्या केंद्रातल्या पाण्याची बाटली खिशातून काढून टेबलावर ठेवत आणि शेजारी पिण्याच्या पाण्याचा पेला. "ओळखा बघू, कोणतं कुठलं?" मग साहेबांकडे वळून म्हणत, "तुमची बाटली नाही आणली? बरोबर आहे, झाकण उघडायची पंचाईत!" सगळे हसत. साहेबही हसत, पण त्यांचा घास तोंडात फिरत असे. गेल्या खेपेला त्यांनी हात धुताना जाहीर करून टाकलं होतं, "आता नवं केंद्र बघायला या, मग बोला."

मीटिंगहून साहेब परतले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. बरोबर केमिस्ट बाई होत्या. केंद्राची प्रयोगशाळा बाई एकहाती सांभाळत आणि जिवाणूंबद्दल घरच्या लेकरांसारखं बोलत. फाटकापाशीच त्यांनी नाक वर केलं.

"साहेब, वास येत नाहीये."

"छान झालं की!"

"छान नाही साहेब. कसलाच वास येत नाहीये."

दोघं धावतच टाकीच्या कठड्यापाशी गेले. टाकी निळीशार होती. तळाला पडलेला एक खिळासुद्धा स्वच्छ दिसत होता. कडेने चुन्याची पांढरी रेघ ओढली होती आणि मुकादम हातात लांब दांड्याची जाळी घेऊन पाण्यावर पडलेलं एक पान काढत होता.

"झाला ना माणूस गप्प?" साहेबांचा चेहरा बघून तो खुशीत म्हणाला.

मुकादम महिन्याभरापूर्वी बदलून आला होता, तो पोहण्याच्या तलावावरून. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पाणी तपकिरी दिसणं हा गुन्हा होता आणि त्या गुन्ह्याला एकच शिक्षा होती. त्याने आठ माणसं लावून टाकी उपसली, गाळ सुकवायच्या वाफ्यांवर पसरला, वास येऊ नये म्हणून त्यावर पोती पोती ब्लिचिंग पावडर मारली, टाकी घासली आणि ताजं पाणी भरून त्यातही सढळ हाताने पावडर सोडली. गावाकडून येणारं पाणी त्याने तेवढ्यापुरतं रिकाम्या जुन्या टाकीत वळवलं होतं. बाई वाफ्यांकडे गेल्या, चमच्याने थोडा गाळ घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ बघत बसल्या आणि डोळे पुसत उठल्या.

"एकसुद्धा हलत नाहीये हो!"

"कोण हलत नाहीये?" मुकादमाने घाबरून विचारलं.

मग बाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. दुधात विरजण नसेल तर दही लागत नाही, तसंच या टाकीचं असतं. मुकादमाचं तोंड एवढंसं झालं. तो मनाने वाईट नव्हता, फक्त कामाला भारी होता. "मी आत्ता डेअरीत जाऊन येतो," तो म्हणाला.

"अहो, दह्याचं नव्हे!" बाई ओरडल्या.

"मग कशाचं?"

"दुसऱ्या केंद्रातला जिवंत गाळ हवा. ताजा, काही टँकर भरून. शेण टाकूनही जिवाणू वाढतील, पण त्याला महिना दीड महिना जाईल. तोवर पथक येऊन जाईल."

जवळपास दुसरं केंद्र एकच होतं. आणि त्या केंद्रावर कोण बसलं होतं, ते सांगायला नको.

"दाखल्यांची खिडकी तशी वाईट नसते," साहेब म्हणाले. "सावलीत असते."

घरी गेल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ फोन उचलला. "मी ताईला सांगते, भाऊसाहेब टँकर पाठवतील."

"खबरदार! फोन खाली ठेव आधी. त्या माणसाकडे मी गाळ मागू? अगं, मरेपर्यंत ऐकवेल तो मला! त्यापेक्षा बदली परवडली."

"बरं," बायको म्हणाली आणि तिने फोन खाली ठेवला. इतक्या लवकर ती कधी ऐकत नसे, हे साहेबांच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

रविवार उजाडला. जुनी टाकी काठाला आली होती आणि आता वासही यायला लागला होता. ब्लिचिंग उडून गेल्याशिवाय नव्या टाकीतलं पाणी नदीत सोडता येत नव्हतं, म्हणून ती तशीच निळीशार पसरलेली होती. भाऊसाहेब ठरल्या वेळी आले. साहेबांनी त्यांना ऑफिसात बसवून चहा दिला. मग दुसरा चहा दिला. मग नवीन कपाट दाखवलं, कपाटाची कुलपं दाखवली, बागेतली जास्वंद दाखवली.

"जास्वंद आमच्याकडेही आहे," भाऊसाहेब म्हणाले. "टाकी कुठाय?"

"टाकी काय, टाकीसारखी टाकी. तुम्ही आणखी एक चहा घ्या ना!"

"तीन झाले. चला."

आता सुटका नव्हती. साहेब पुढे निघाले, ते फाशीला निघाल्यासारखे. कठड्यापाशी भाऊसाहेब थांबले. त्यांनी खाली पाहिलं. निळं पाणी पाहिलं, तळाचा खिळा पाहिला, चुन्याची रेघ पाहिली. बाजूला मुकादम जाळी पाठीमागे लपवून उभा होता, त्याच्याकडेही पाहिलं. या माणसाला एका नजरेत सगळं कळलं असणार, हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटले आणि ते टोमण्याची वाट पाहू लागले.

टोमणा आला नाही. भाऊसाहेब गप्प झाले होते.

"किती टँकर पाठवू?" थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं.

साहेबांना वाटलं, आपल्या कानात काहीतरी बिघाड झाला आहे. "अं?"

"चार पुरतील. उद्या ब्लिचिंग उडालं की हे पाणी उतरवून घ्या, संध्याकाळी पहिला टँकर येईल. ब्लोअर चालू ठेवा, उपाशी ठेवू नका त्यांना." एवढं बोलून भाऊसाहेब गाडीत बसले आणि गेले. जाताना बाटलीचं नावसुद्धा काढलं नाही.

टँकर आले. नळीतून दाट तपकिरी गाळ धबाधबा टाकीत पडू लागला तेव्हा केमिस्ट बाईंनी तो थेंबभर काचेवर घेतला, पाहिला आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. "हलतायत! सगळे हलतायत!" मुकादम तर त्या दिवसापासून टाकीपाशीच पडीक राहिला. फेस आला की तो आनंदाने हाका मारून सांगे. कोणी पानही काढायला गेलं तर अंगावर धावून जाई. दिवसागणिक बाहेर पडणारं पाणी निवळत गेलं. पथक आलं, नमुना घेऊन गेलं, आणि काही दिवसांनी वरून फोन आला की नमुना पास आहे, केंद्र साहेबांकडेच राहील.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी केमिस्ट बाईंना पेढ्यांऐवजी नवा सूक्ष्मदर्शक मागवायची परवानगी दिली, मुकादमाला मिठी मारली आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "चल. भाऊसाहेबांचे आभार मानायला जाऊ."

आता हे म्हणायला सोपं, पण प्रत्यक्षात जड गेलं. भाऊसाहेबांच्या दिवाणखान्यात साहेब खुर्चीच्या टोकावर बसले होते. दोघी बहिणी आत काहीतरी तळत होत्या. साहेबांनी तीनदा घसा खाकरला.

"भाऊसाहेब, एक बोलायचं होतं. तुमच्या गाळामुळे आज माझं केंद्र वाचलं. तुमची ती बाटली, मी कबूल करतो, मला फार लागायची. पण गाळात दम आहे. मानलं तुम्हाला."

आभार ऐकताना माणूस खुलतो. भाऊसाहेब मात्र खुर्चीत चुळबुळायला लागले, पंख्याकडे बघायला लागले. स्वयंपाकघराच्या दारात ताई येऊन उभ्या राहिल्या. हातात झारा होता.

"सांगून टाका आता," त्या म्हणाल्या.

"काय सांगू?"

"तुम्ही सांगताय की मी सांगू?"

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. "दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्याकडे एका कारखान्याने गटारात कसलंसं ॲसिड सोडलं. टाकी एका रात्रीत मेली. तुमच्याकडे मागायची लाज वाटत होती. मग हिने हिच्या बहिणीला फोन केला. आणि आमचे टँकर तुमच्या केंद्रावर येऊन गाळ घेऊन गेले." ते पुन्हा पंख्याकडे बघायला लागले. "आत्ता तुमच्याकडे पाठवला ना, त्याच गाळाचे हे सगळे वंशज. तुमचेच तुम्हाला परत दिले मी."

साहेब बघतच राहिले. म्हणजे इतकी वर्षं टेबलावर जी बाटली नाचत होती, ज्या पाण्याची चारचौघांत वाहवा झाली आणि ज्याच्यापायी आपला घास तोंडात फिरला, ते पाणी आपल्याच पोरांनी साफ केलेलं होतं! त्यांच्या छातीवरचं कसलंसं जुनं ओझं उतरलं. त्यांना आधी राग यायला हवा होता, पण आलं ते हसू. इतकं आलं की भाऊसाहेबही हसायला लागले, आणि दोघं साडू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मग साहेबांना एकदम आठवलं. "पण मी कुठे होतो तेव्हा? केंद्रावरून टँकर भरून गेले आणि मला पत्ता नाही?"

आता दारात बायकोही येऊन उभी राहिली होती.

"तुम्ही घरी होतात," ती म्हणाली. "तिकडे जुन्या मुकादमाला मी सांगून ठेवलं होतं. आणि इकडे त्या दुपारी माझं डोकं फुटायला आलं होतं बघा. तुम्ही रजा टाकलीत आणि संध्याकाळपर्यंत माझ्या कपाळाला बाम चोळत बसलात."

साहेबांना ती दुपार चांगली आठवत होती. बायकोची आपण कशी सेवा केली, याचा दाखला म्हणून ती त्यांनी आजवर अनेकदा लोकांना सांगितली होती.

"म्हणजे डोकं दुखत नव्हतं?"

"संध्याकाळी दुखायला लागलं. इतका बाम!"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ते मला एवढं हिणवत होते, तेव्हा एका शब्दाने तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं," बायको म्हणाली, "तर तुम्ही दुसऱ्या दिवशी टँकर घेऊन गाळ परत आणायला गेला असतात."

साहेबांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, मग जरा विचार केला आणि मुकाट्याने पान वाढायची वाट बघत बसले.