ढोबळे काकांचा रिझ

ढोबळे काका प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघ्यात ते आमचे शेजारी. नोकरी बसस्टँडवर गाड्या पुकारण्याची होती; निवृत्तीत माइक सुटला, पुकारणं सुटलं नाही. सकाळी कुंपणापलीकडून आवाज येतो, "नळ आले आहेत. नळ आले आहेत." आणि ते खरोखरच आलेले असतात.

त्यांच्या वरच्या खोलीत प्रणाली भाड्यानं राहते, सेवाग्रामला नर्सिंग शिकते. परवा ती म्हणाली, काका, तुमच्या आवाजात रिझ आहे. काकांनी अर्थ विचारला. बोलण्यावागण्यातून समोरच्याला भुरळ पाडायची हातोटी, तिनं सांगितलं. हल्लीचा इंग्रजी शब्द. काकांनी लगेच पानठेल्यावर जाहीर केलं की इंग्रजांनी आपलं 'रिझवणं' पळवलं. दोनदा जाहीर केलं.

प्रणालीनं तिथंच मोबाइलवर शोधून ते खोडून काढलं. हा शब्द 'करिझ्मा'तून निघाला असं मानतात; करिझ्मा मुळात ग्रीक, म्हणजे देवाची देणगी.

"पुढचं कापलं, मागचं कापलं काका. मंधातलं ठेवलं."

"म्हंजे कामापुरतंच," काका म्हणाले. हे मात्र हळू.

पानठेलेवाल्याला एवढं पुरलं. "इतका रिझ हाय, त काकूले काऊन नाई बोलवत?"

सिंधूकाकू मुलीच्या बाळंतपणाला कारंज्याला गेल्या, त्या तिकडेच राहिल्या. नातू आता रांगतो. भांडण काही नव्हतं. काका रोज संध्याकाळी फोन लावत आणि कारंज्याहून वर्ध्याला येणाऱ्या गाड्यांच्या वेळा सांगत. ये, असं कधी म्हणत नसत. काकू दोनदा ऐकून घेत आणि फोन ठेवत.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीतच होतो. फोन स्पीकरवर होता.

"कारंज्याहून वर्ध्याकडे येणारी..." काका थांबले. घसा खाकरला. पुढचं सगळं वेळापत्रक त्यांनी गिळलं.

"सिंधू, मले करमत नाई. येजो."

एकदाच म्हणाले.

पलीकडे नातू काहीतरी आपटत होता. काकू म्हणाल्या, "सकाळची पहिली गाडी किती वाजता हाय?"

काकांनी मोबाइलवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"किती वाजता हाय रे?"